‘मी’ कोणाचा? : तीन मराठी कादंबऱ्यांतील प्रथमपुरुषी निवेदक

प्रस्तावना

मराठी कादंबरीच्या अध्यापनात आणि समीक्षेत एक सवय खोलवर रुजली आहे. कादंबरीत ‘मी’ बोलू लागला की तो लेखकच होय, असे गृहीत धरून वाचन सुरू होते. ‘कोसला’ (1963) मधील पांडुरंग सांगवीकर म्हणजे भालचंद्र नेमाडे, हे समीकरण आजही अनेक वर्गांत निःशंकपणे मांडले जाते. या सवयीमुळे दोन प्रकारची हानी होते. निवेदकाच्या मतांचे खापर लेखकावर फुटते आणि निवेदकाच्या मर्यादांतून निर्माण होणारा अर्थ वाचकाच्या हातून निसटतो. प्रस्तुत लेखात हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’, विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (1939) आणि व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (1955) या तीन कादंबऱ्यांच्या आधारे प्रथमपुरुषी निवेदकाच्या कार्याचा विचार केला आहे.

लेखक, निवेदक आणि पाहणारा

वेन बूथ यांनी ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ (1961) या ग्रंथात प्रत्यक्ष लेखक, संहितेतून जाणवणारा गर्भित लेखक आणि कथा सांगणारा निवेदक यांत भेद केला. निवेदकाची मूल्ये गर्भित लेखकाच्या मूल्यांशी जुळत नसतील, तर त्या निवेदकाला त्यांनी अविश्वसनीय म्हटले. पुढे जेरार जेनेट यांनी 1972 मध्ये ‘कोण बोलतो?’ आणि ‘कोण पाहतो?’ हे दोन प्रश्न वेगळे केले. हा दुसरा भेद प्रथमपुरुषी कथनात विशेष उपयोगी ठरतो. तेथे भोगणारा ‘मी’ आणि सांगणारा ‘मी’ यांचे नाव एकच असले तरी त्यांच्यात काळाचे आणि जाणिवेचे अंतर असते. निवेदक अविश्वसनीय असणे म्हणजे तो खोटारडा असणे नव्हे, हेही येथे नोंदविले पाहिजे. बहुतेक वेळा तो प्रामाणिकच असतो. परंतु जेथे तो उभा आहे तेथून त्याला सर्व काही दिसत नाही.

‘पण लक्षात कोण घेतो?’ : घराच्या आतला आवाज

ही कादंबरी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून 1890 पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. संमतिवयाचा कायदा 1891 मध्ये झाला. म्हणजे बालविवाह आणि स्त्रीच्या स्थितीविषयी सभांतून व वृत्तपत्रांतून वाद पेटलेला असतानाच वाचक यमूची कहाणी वाचत होते. या वादात बोलणारे बहुतांशी पुरुष होते. आपट्यांनी सर्वज्ञ निवेदक बाजूला ठेवून एका विधवेला ‘मी’ म्हणून बोलते केले. हा निर्णय केवळ तंत्राचा नव्हता. ज्या प्रश्नावर बाहेर शास्त्रार्थ चालला होता, तो प्रश्न त्यांनी माजघरात नेला.

यमू कथा सांगते तेव्हा तिचे सर्वस्व गेलेले आहे. आठवणीतील लहानग्या यमूला मात्र त्याची वार्ता नाही. वडिलांचा धाक, आईचे मुकाट सोसणे, मैत्रीण दुर्गीची दुर्दशा हे सारे लहान यमू पाहते, पण त्याचा अन्वय तिला लागत नाही. तो अन्वय वाचकाने लावायचा असतो. रघुनाथरावांसोबत मुंबईत काढलेल्या सुखाच्या दिवसांवरही पुढच्या वैधव्याची छाया पडते, ती सांगणाऱ्या यमूला शेवट ठाऊक असल्यामुळे. शंकरमामंजींच्या पुढाकाराने सक्तीने झालेल्या केशवपनाचा प्रसंग म्हणूनच सुधारणेच्या बाजूचा एक दाखला एवढाच राहत नाही. ज्या देहावर ती सक्ती झाली, त्याच देहाचा आवाज तेथे ऐकू येतो.

असे असले तरी हा आवाज पुरुष लेखकाने रचलेला आहे, याचा विसर पडू नये. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882 मध्येच प्रसिद्ध झाले होते. तेथील संताप यमूच्या कथनात नाही. यमू सोसते, आठवते आणि वाचकाच्या करुणेला हाक घालते. तिच्या उन्नतीची वाटही सुधारक पतीच्या हातून उघडते. काही ठिकाणी यमूच्या मुखातून सुधारकाचे विवेचन ऐकू येते आणि तेथे निवेदक व लेखक यांच्यातील पडदा विरळ होतो. कादंबरीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी निवेदकाच्या निवडीतच आहेत.

‘रणांगण’ : पत्रांनी दिलेली उलटसाक्ष

‘रणांगण’चा निवेदक चक्रधर विध्वंस युरोपातून बोटीने भारतात परतत आहे. त्याच बोटीवर नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत आणि त्यांत हॅर्टा आहे. पूर्वीच्या प्रेमभंगाने चक्रधर कडवट झाला आहे. स्त्रीविषयीची त्याची तुच्छता त्याच्या कथनात वारंवार प्रकटते. ‘मी’ला लेखक समजणारा वाचक येथे सरळ बेडेकरांवरच निवाडा देऊन मोकळा होतो.

परंतु कादंबरीची रचना या निवाड्याला साथ देत नाही. मुंबईला चक्रधर उतरतो आणि हॅर्टाची बोट पुढे जाते. त्यानंतर तिची पत्रे येतात आणि तिने सागरात जीव दिल्याचे कळते. तोवर हॅर्टा वाचकाला केवळ चक्रधरच्या नजरेतून दिसलेली असते. पत्रांत ती प्रथमच त्याच्या मध्यस्थीवाचून बोलते. कथनावरील निवेदकाची मक्तेदारी येथे मोडते. चक्रधरने स्त्रीविषयी जे सिद्धांत उभारले, त्यांना तिची उत्कट निष्ठा एकही वाद न घालता खोटे पाडते.

चक्रधरची मते लेखकाची मानली, तर ही पत्रे करुण शेवटाची सोय एवढीच उरतात. ती निवेदकाची मानली, तर पत्रे उलटसाक्ष ठरतात आणि संपूर्ण कथन कबुलीजबाबाचे रूप घेते. ही कबुली किती पश्चात्तापाची आणि किती आत्मसमर्थनाची, हे कादंबरी उघड सांगत नाही. युद्धाच्या उंबरठ्यावरील जगात दुसऱ्याच्या दुःखाचा साक्षीदार असणे पुरेसे आहे काय, हा तिचा गाभ्याचा प्रश्न आहे. निवेदकावर पूर्ण विश्वास टाकणाऱ्या वाचकाला तो प्रश्न ऐकूच येत नाही.

‘बनगरवाडी’ : उपऱ्याची नजर

‘बनगरवाडी’चा निवेदक राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा औंध संस्थानातील तरुण शाळामास्तर आहे. शिकलेला, परगावचा आणि धनगरांच्या वाडीत नवखा. ही कादंबरी पुष्कळदा ग्रामजीवनाचा अस्सल दस्तऐवज म्हणून वाचली जाते. प्रत्यक्षात वाचकाला दिसते ती मास्तराला दिसलेली वाडी. आरंभी त्याला ओस शाळा आणि अबोल माणसे भेटतात. हळूहळू तो शाळेबाहेरच्या कामांत गुंततो, गावकऱ्यांचे निरोप पोचवतो, तालमीच्या उभारणीत पुढाकार घेतो. त्याचे आकलन जसे वाढते, तशी वाडीही वाचकापुढे उलगडते.

मात्र हे आकलन वेळोवेळी अडखळते. अंजीची चोळी शिवून आणण्याच्या प्रसंगात मास्तराच्या दृष्टीने साधी असलेली गोष्ट कारभाऱ्यांच्या दृष्टीने गंभीर ठरते. गावाचे नियम त्याला मोडल्यावरच कळतात. माडगूळकरांचा निवेदक अशा वेळी भाष्य करीत नाही, निष्कर्षही काढत नाही. त्याचा हा संयम म्हणजे स्वतःच्या अज्ञानाचा मान राखणे होय. शेवटी दुष्काळात वाडी उठते आणि मास्तरही निघतो. गावकऱ्यांचे जाणे आणि मास्तराचे जाणे एकाच पातळीवरचे नाही. त्याच्यामागे नोकरीचा आधार आहे, त्यांच्यापुढे केवळ वाट आहे. ‘मी’च्या शांत स्वरात हा भेद अनुच्चारित राहतो, आणि म्हणूनच तो अधिक बोचतो.

निष्कर्ष

1. प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे आत्मकथन नव्हे. दलित स्वकथनांत लेखक आणि ‘मी’ यांची एकरूपता ही वाचकाला दिलेली ग्वाही असते. कादंबरीत तशी ग्वाही नसते. हा भेद न पाळल्यास दोन्ही प्रकारांवर अन्याय होतो.

2. यमू भोगणारी, चक्रधर गुंतलेला आणि मास्तर पाहणारा निवेदक आहे. व्याकरणातील पुरुष एकच असूनही तिघांची विश्वासार्हता भिन्न पायांवर उभी आहे.

3. निवेदकाला जे दिसत नाही, तेही कादंबरीच्या आशयाचा भाग असते. तिन्ही कृतींत सर्वांत मोलाचा अर्थ अशा न दिसलेल्या जागांतून निर्माण होतो.

4. निवेदकाची निवड हा सामाजिक निर्णयही असतो. कोणाला बोलू द्यायचे आणि कोणाविषयी केवळ बोलायचे, हे त्यात ठरते. यमू बोलते, पण दुर्गी बोलत नाही. मास्तर बोलतो, पण अंजी बोलत नाही. हॅर्टाला आवाज मिळतो तो ती दूर गेल्यावर.

‘कादंबरीचे निवेदन प्रथमपुरुषी आहे’ एवढ्या विधानावर वर्गातील विवेचन थांबू नये. तो प्रथमपुरुष कोण, तो कोठे उभा आहे आणि तेथून कोणाचा चेहरा दिसत नाही, हे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तरच दृष्टिकोन ही संज्ञा परीक्षेतील टिपेपुरती न राहता वाचनाचे साधन बनेल.