सुपारी कोण देणार?

डिसेंबर २०१९ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू वाजून गेला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच मैदानावर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले आणि तिकिटांसाठी देशभर झुंबड उडाली. खारघरच्या सेक्टरांनी चहूबाजूंनी वेढलेलं ओवे गाव तिथून फार लांब नाही. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा रॉक पनवेलकरांच्या जवळपास दाराशी येतो. दुसऱ्या टोकाला सरावासाठी तासावर भाड्याने घेतलेली जॅमपॅडची खोली आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल या पट्ट्यात कॉलेजांची दाटी आहे आणि कॉलेज आलं की गिटार आलीच. पोरं फेस्टच्या स्पर्धेसाठी जमतात, तीन कव्हर आणि एक स्वतःचं गाणं बसवतात, बक्षीस मिळालं तर वर्षभर टिकतात. मग प्लेसमेंट लागते, ड्रमर बंगळुरूला जातो आणि बँड संपतो. अशा बँडांबद्दल बोलताना आपण गुणवत्तेची किंवा श्रोत्यांची वानवा आहे असं म्हणून मोकळे होतो. मला हे निदान चुकीचं वाटतं. वानवा आहे ती सुपारीची. दोन-तीनशे माणसांसमोर स्वतःची गाणी वाजवायला पैसे देऊन बोलावणारा कार्यक्रम, म्हणजे स्टेडियम आणि जॅमपॅड यांच्यामधली पायरी, बँडसाठी नाही. आणि गंमत अशी की तशी पायरी याच भागात, गावठाणांमध्ये, वर्षानुवर्षं भक्कम उभी आहे. बँडवाले तिच्याकडे बघत नाहीत, एवढंच.

मधली पायरी काय काम करते, हे मुंबईच्याच इतिहासात दिसतं. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ साली स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला. नवखे बँड एका मागोमाग एक चढायचे, न आवडलेल्याला प्रेक्षक ओरडून खाली उतरवायचे. या रगाड्यातून बँड घडत होते. त्या काळचा रॉक मशीन हा बँड आधी परदेशी गाणी वाजवूनच लोकप्रिय झाला, पण १९८८ मध्ये त्याने स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि पुढे इंडस क्रीड हे नाव घेतलं. कव्हर ही शाळा आहे हे मान्य, पण शाळा कधीतरी सोडायची असते, आणि सोडल्यावर उभं राहायला जागा लागते. या शतकाच्या सुरुवातीला शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनातला आवाज बंद झाला. पुढे लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लबही २०१६ मध्ये बंद पडला. मुंबईत त्यानंतर काही ठिकाणं उभी राहिली, पण ती बहुतेक वांद्रे ते परळ या पट्ट्यातली आणि खाण्यापिण्याच्या बिलावर चालणारी. खाडीच्या या बाजूला वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे. दोन्ही नाटकासाठी बांधलेली. खुर्चीला खिळून ऐकायचा रॉक ही कल्पना फार काळ टिकणारी नाही.

आता गावठाणाकडे वळू. ओवे हे सिडकोच्या नकाशात चौकोनांमध्ये अडकलेलं जुनं गाव. ऑक्टोबर २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहे. या भागातल्या आगरी-कोळी वस्त्यांत हळदीची रात्र म्हणजे लग्नाइतकाच मोठा समारंभ, आणि हळद म्हटलं की बेंजो पार्टी. ज्याला आपण बेंजो म्हणतो तो असतो बुलबुलतरंग: लाकडी पेटी, तारांचा जुडगा, वर टाइपरायटरसारखी बटणांची रांग. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. पेटीला पिकअप बसवला की वायर थेट ॲम्प्लिफायरला. सूर चढा आणि कडांना फाटलेला. अगदी असाच आवाज काढण्यासाठी गिटारवाले डिस्टॉर्शनचं पेडल विकत घेतात. जोडीला कॅसिओ, ऑक्टोपॅड, ताशा आणि कच्छी ढोल. विजेवर चालणारी वाद्यं, कर्कश म्हणावा इतका आवाज, समोर नाचणारी तरुण गर्दी, दोन-दोन तास न थांबता वाजवायची ताकद: रॉक बँडची व्याख्या करायला बसलं तर यातलं काय वगळता येईल? महत्त्वाचं म्हणजे ही मंडळी सुपारी घेऊन, आगाऊ रक्कम ठरवून वाजवतात. आसपासच्या गावांत पार्टीचं नाव असतं आणि ते नाव टिकवायला घाम गाळावा लागतो. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, पण त्यानंतरही समीक्षकांनी या वाद्यमेळाकडे संगीत म्हणून फारसं पाहिलं नाही. गोंगाट म्हणून मात्र पाहिलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. बेंजो पार्टी सिनेमाची आणि गाजलेली आगरी गाणीच वाजवते. तिथे नव्या गाण्याला कोण विचारतो? आक्षेप खरा आहे. हळदीच्या मांडवात कोणी अनोळखी गाणं सुरू केलं तर पाय थांबतात, आणि पाय थांबले की सुपारी बुडते. पण याच वस्त्यांत गाणं रचण्याची परंपरा मेलेली नाही. धवलारीण लग्नात धवले गाते ते पाठांतराचं गाणं असलं तरी त्यात नवरा-नवरीची नावं गुंफली जातात, घरची माणसं येतात. गावाला नवं गाणं नको असतं असं नाही. आपलं नाव नसलेलं गाणं नको असतं. दुसरा आक्षेप जास्त ताठ मानेने येतो: रॉक आपला नाही. हे म्हणणाऱ्याने बेंजोची पेटी उघडून बघावी. तिचा पूर्वज ताइशोगोतो १९१२ मध्ये जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी तयार केला, इथे येऊन तो बुलबुलतरंग झाला आणि नाव मात्र अमेरिकेतल्या गुलाम आफ्रिकनांच्या वाद्याचं लागलं. पेटी, म्हणजे आपली हार्मोनियम, युरोपातून आली आणि संगीत नाटकाची होऊन बसली. वाद्य कुठून आलं यापेक्षा त्यावर कोणाचं गाणं वाजतं, हा प्रश्न महत्त्वाचा.

आणि इथेच, आपल्या भाषेत आपलं गाणं रचण्यात, नवे बँड कमी पडतात, असं मला वाटतं. बंगालीत मोहिनेर घोडागुली हा बँड १९७५ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, नवे गायक घेऊन संकलन निघालं आणि मग बंगाली रॉकची सगळी पुढची पिढी त्यांना पूर्वज मानू लागली. केरळचा अवियल हा बँड मल्याळममध्ये गायला. मराठीत अभंग रिपोस्टसारख्या बँडने संतांचे अभंग गिटार-ड्रम्सवर आणून श्रोता मिळवला हे मोठं काम आहे, पण शब्द तिथेही शतकांपूर्वीचे. मुंबईच्या स्वदेशी या हिपहॉप गटाने आरेतल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारली माणसांच्या जंगलाबद्दल गाणं केलं, ते लोकांनी ऐकलं, कारण त्यात पत्ता होता. पनवेलच्या बँडकडे विषयांचा तुटवडा नाही: सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची वाट बघण्यात गेलेल्या पिढ्या, विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव देण्यासाठी झालेली आंदोलनं, मेट्रोचा खांब आणि गावदेवी यांची शेजारशेजार वस्ती. तालाचा प्रश्नही सोडवता येण्यासारखा आहे. बरीच कोळीगीतं सहा मात्रांच्या झुलत्या चालीत आहेत, तर रॉक बहुतेक चार मात्रांत. ड्रमरने पहिल्या मात्रेवर किक आणि चौथीवर स्नेअर ठेवला तर होडीचं हेलकावणं आणि रॉकचं वजन दोन्ही हातात येतं. मराठी शब्द लांब असतात, ‘ळ’ आणि ‘ण’ इंग्रजी धाटणीच्या ओळीत अडखळतात, ही तक्रारही चालच मराठी केली की उरत नाही.

आता मोबाइलच्या जमान्यात या पायऱ्या कशाला, असं विचारणारे आहेतच. ते दिल्लीच्या ब्लडीवुडचं उदाहरण देतात. गाजलेल्या गाण्यांचे मेटल अवतार इंटरनेटवर टाकत त्या बँडने नाव केलं, हे खरं. पण जगाने त्यांना गंभीरपणे घेतलं ते २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवाच्या मंचावर उभे राहिल्यावर. व्हिडिओला लाख लोक बघतात, पण गाणं कुठे ढिलं पडतं हे समोरच्या माणसाचं तोंड बघूनच कळतं. राहता राहिला आवाजाचा प्रश्न. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरच्या लाउडस्पीकरला रात्री दहाची वेस घातली आहे आणि वर्षातले मोजके दिवसच बारापर्यंत सूट मिळते. हळदीतल्या डीजेने शेजाऱ्यांचा जीव नकोसा केलेला असताना या नियमाविरुद्ध ओरडण्यात अर्थ नाही. उलट बँडला हा नियम सोयीचा आहे: संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ बेंजो पार्टीला फारशी लागत नाही.

म्हणून गावच्या उत्सव मंडळांना एकच विनंती. येत्या माघी गणपतीत एक संध्याकाळ पंचक्रोशीतल्या एखाद्या बँडला द्या, दोन जुनी गाणी वाजवू द्या आणि चार त्यांची स्वतःची. गाणी आवडली नाहीत तर पुढच्या वर्षी बोलावू नका. पण बेंजो पार्टीला देता तशी सुपारी त्यांनाही द्या. फुकट बोलावू नका.