‘प्रीमा’ म्हणजे कोणाची कोण?

परकी भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती आरंभीच जी शब्दांची यादी पडते, ती बहुधा नात्यांची असते. स्पॅनिश भाषा ह्याला अपवाद नाही. पाद्रे म्हणजे बाप, माद्रे म्हणजे आई, एर्मानो म्हणजे भाऊ आणि एर्माना म्हणजे बहीण. शेवटच्या ‘ओ’चा ‘आ’ केला की पुरुषाची स्त्री होते, हे ‘भाचा-भाची’ म्हणणाऱ्या मराठी मुलास फारसे समजावून सांगावे लागत नाही. यादी चार दिवसांत पाठ होते आणि हा प्रांत आपण जिंकला असे त्यास वाटू लागते. आमच्या मते खरी अडचण येथूनच सुरू होते, व ती ओळखल्यावाचून त्या भाषेतील वाङ्मयाचा रस पुरता हाती लागत नाही.

आपल्याकडे स्पॅनिशचा अभ्यास बहुधा इंग्रजीच्या द्वारे होतो. नात्यांच्या बाबतीत हा मार्ग आडवळणाचा आहे. बीड जिल्ह्यातील नांदूरघाटच्या एखाद्या ओसरीवर लग्नाची बोलणी करीत बसलेल्या दोघा व्याह्यांचे परस्परांशी नाते काय, हे इंग्रजीत सांगावयाचे तर एक सबंध वाक्य खर्ची घालावे लागेल. स्पॅनिशमध्ये त्यासाठी ‘कोन्स्वेग्रो’ हा सरळ शब्द आहे. साडूला ‘कोन्कुन्यादो’ आहे. जावयाला ‘येर्नो’, सुनेला ‘न्वेरा’ आणि सासूला ‘स्वेग्रा’ आहे. इंग्रजीप्रमाणे मुलगा, मुलगी वा आई ह्या शब्दांस ‘कायद्याने’ असे शेपूट जोडण्याची तेथे गरज पडत नाही. जे मराठी मनास सहज कळावे, ते आपण इंग्रजीत अडखळून मग स्पॅनिशमध्ये शोधतो, हा उलटा व्यवहार आहे.

परंतु ह्यावरून दोन्ही भाषांची घरे सारखीच, असे मानणेही चुकीचे होईल. ‘तीओ’ ह्या एका शब्दात स्पॅनिश माणूस काका, मामा आणि मावशी-आत्यांचे यजमान ह्या सर्वांस बसवितो. ‘प्रीमो’ म्हणजे चुलत, मामे, आते, मावस असा कोणताही भाऊ, आणि ‘प्रीमा’ म्हणजे तशीच कोणतीही बहीण. मराठीत हा भेद नुसता शब्दांचा नाही. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातील मामाच्या मुलीशी विवाह करण्याच्या चालीची चर्चा केली आहे. चुलत वा मावस बहीण ती बहीणच. मामाची मुलगी मात्र अनेक घरांत वधू होऊ शकते. कोणाशी लग्न होईल आणि कोणाशी होणार नाही, हा निवाडा आपल्या शब्दांतच सामावलेला आहे.

ह्याची कसोटी पाहावयाची तर फेदेरिको गार्सिया लोर्का ह्यांचे ‘बोदास दे सांग्रे’, म्हणजे ‘रक्तविवाह’, हे नाटक घ्यावे. १९३३ साली माद्रिद येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यातील माणसे बहुतेक नात्यानेच ओळखली जातात: आई, नवरदेव, नवरी, नवरीचा बाप, सासू. स्वतःचे नाव आहे ते एकट्या लिओनार्दोला, आणि लग्नाच्या दिवशी नवरीला घेऊन पळून जाऊन नात्यांची चौकट मोडणाराही तोच. नाव आणि नाते ह्यांचा हा विरोध नाटकाच्या मर्माशी आहे.

आता येथे मराठी अनुवादकाची परीक्षा पाहा. लिओनार्दोची बायको आणि ‘सासू’ मिळून तान्ह्या बाळाला अंगाई गातात. मराठी वाचक तत्काळ समजेल की, ही बायकोची सासू. वस्तुतः ती लिओनार्दोची सासू आहे. बायकोची ती आई. नुसता ‘सासू’ हा शब्द बिनचूक असूनही सबंध घर उलटे करून टाकतो. दुसरे असे की, ही बायको पळून गेलेल्या नवरीची ‘प्रीमा’ आहे. चुलतबहीण म्हणावे की मामेबहीण? चुलतबहीण म्हटले तर एकाच घराण्यातील दगाबाजीचा रंग चढतो. मामेबहीण म्हटले तर तो निराळा होतो. कोणतेही एक निवडणे म्हणजे लोर्कांनी न सांगितलेली गोष्ट त्यांच्या तोंडी घालणे होय. आमच्या मते येथे ‘नात्यातली बहीण’ म्हणून शाखा मोकळी ठेवावी.

ह्या नाटकामागे अल्मेरीया प्रांतात नीहारजवळ १९२८ साली घडलेली एक खरी घटना आहे. तीत नवरी पळाली ती स्वतःच्याच ‘प्रीमो’बरोबर. ही वार्ता नांदूरघाटात सांगितली तर पहिला प्रश्न येईल: कोणत्या बाजूचा भाऊ? मामेभाऊ वा आतेभाऊ असेल तर लोक हळहळतील, चुलतभाऊ असेल तर कानांवर हात ठेवतील. स्पॅनिश शब्द ह्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण त्याला तो प्रश्न पडलेलाच नाही.

म्हणून विद्यार्थ्याने नात्यांची यादी पाठ करावी, पण प्रत्येक शब्दापुढे इंग्रजी प्रतिशब्द न लिहिता, ही भाषा काय विचारते व काय विचारीत नाही, ते मराठीत टिपून ठेवावे. ह्यासाठी आधी आपले शब्द जिवंत असले पाहिजेत. ज्या घरात काका आणि मामा दोघेही ‘अंकल’ झाले, तेथील मुलास ‘तीओ’ शब्दात काय हरवले आहे, हे कोणत्या शब्दांत सांगावे?