आरसे भरपूर, टाका कुठे आहे?

नवरात्र जवळ आले की पुण्यात नारायण पेठेलगतच्या लक्ष्मी रस्त्यावर चनियाचोळ्या झळकू लागतात. घेर मोठा, रंग भडक, आरसे भरपूर. बाजार पाहून आरसेकामाला बरे दिवस आले आहेत असे वाटते. घागऱ्याची कड उलटून पाहिली की मात्र तसे वाटत नाही. पुष्कळ ठिकाणी काचेऐवजी चकाकत्या प्लास्टिकच्या टिकल्या असतात, त्याही चिकटवलेल्या किंवा यंत्राने बसवलेल्या.

खऱ्या आरशाला भोक नसते, म्हणून तो टिकलीसारखा टाचता येत नाही. आधी त्याच्यावर उभे-आडवे धागे ताणून जाळी करायची, मग त्या जाळीत सुई अडकवत कडेने काजटाका किंवा साखळीटाका घालायचा. काच धरून ठेवते ती ही धाग्याची चौकट. आरशाभोवतीची नक्षी त्यानंतर सुरू होते. या कामाचे मोल चकाकीत नाही, त्या पकडीत आहे.

आरसेकाम म्हटले की आपल्याला कच्छ-काठेवाड आठवते. पण यवतमाळ, वाशीम, नांदेडकडच्या तांड्यांवर बंजारा स्त्रियांनी फेटिया (घागरा), काचळी (चोळी) आणि ओढणीवर हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. आरशांच्या जोडीला कवड्या आणि नाणी असतात, आणि भौमितिक नक्षी कापड भरून टाकते. आज हा पोशाख मुख्यतः म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर किंवा समारंभात दिसतो. तरुणींनी साडी आणि पंजाबी ड्रेस स्वीकारला, यात त्यांचा दोष नाही. ऊसतोडीला किंवा मजुरीला जाणाऱ्या बाईला जड फेटिया परवडत नाही आणि महिनोन्‌महिने सुई चालवायला सवडही मिळत नाही.

इतरत्र अशा हातांना रोजगार मिळाला. कच्छमध्ये चंदाबेन श्रॉफ यांनी 1969 च्या दुष्काळात भरतकामातून मिळकतीची वाट काढली, त्यातून ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. कर्नाटकातील संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, ही आनंदाची गोष्ट. मात्र संग्रहालयात जुना पोशाख टिकेल. टाका टिकायचा तर तो शिकणाऱ्या मुलीला त्यातून मजुरीइतके तरी पैसे मिळाले पाहिजेत.

यंत्राशी भांडण नाही. थोडक्या पैशांत नऊ रात्री नाचायला मिळावे, ही कॉलेजातल्या मुलीची इच्छा रास्त आहे. आक्षेप आहे तो यंत्राचे काम ‘हँडवर्क’ म्हणून विकण्यावर. त्यामुळे हाताच्या कामाची किंमत गिऱ्हाइकाला अवाजवी वाटू लागते आणि कारागीर बाई त्या भावात टिकू शकत नाही.

म्हणून खरेदीला गेलात तर कापड उलटे करा, आरशाच्या कडेवरून बोट फिरवा, काम कोणत्या गावचे ते विचारा. हाताचे काम सापडले, तर घासाघीस न करता त्याचे पुरते पैसे द्या.