इसार, अनामत की दंड? : तंबू-निवासाच्या आरक्षण व रद्दीकरणाच्या अटींची चिकित्सा

प्रास्ताविक

मावळ तालुक्यात पवना धरणाच्या जलाशयाकाठी, तुंग व तिकोना या किल्ल्यांच्या परिसरात, त्याचप्रमाणे अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या आसपास तंबूत रात्र घालवण्याची सोय करून देणारा व्यवसाय चांगलाच फोफावला आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून येणारे तरुण, कार्यालयांचे गट आणि महाविद्यालयांच्या सहली हा त्याचा प्रमुख ग्राहकवर्ग होय. दरडोई ठरावीक रक्कम घ्यावयाची आणि त्यात तंबू, संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचे जेवण, शेकोटी व सकाळचा नाश्ता द्यावयाचा, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. या व्यवसायामुळे होणारा कचरा, गोंगाट, जमिनीच्या मालकीचे वाद यांविषयी चर्चा होत असते. तथापि ज्या मजकुराच्या आधारे हा सारा व्यवहार चालतो, त्या ‘अटी व नियम’ नावाच्या मजकुराकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही.

प्रस्तुत लेखात या मजकुराची, विशेषतः त्यातील आगाऊ रक्कम व आरक्षण रद्द करण्याविषयीच्या कलमांची, एक संहिता म्हणून चिकित्सा करावयाची आहे. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात आपण अर्जलेखन शिकवतो, जाहिरातीचा मसुदा शिकवतो, वृत्तलेखन शिकवतो. मात्र ज्या प्रकारचे लेखन विद्यार्थी पदवीनंतर आयुष्यभर न वाचता मान्य करणार आहे, ते आपण वर्गात आणत नाही. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु सहलीची जबाबदारी ज्यांनी एकदा तरी अंगावर घेतली आहे, त्या सहकाऱ्यांना विद्यार्थ्यांकडून जमा केलेल्या पैशाचा हिशेब किती जड असतो हे वेगळे सांगावयास नको.

शब्दांचा घोळ

या अटींचा सांगाडा जवळजवळ सर्वत्र सारखाच आढळतो. आरक्षण निश्चित करण्यासाठी निम्मी रक्कम आगाऊ भरावी. पंधरा दिवस आधी रद्द केल्यास काही भाग परत मिळेल, सात दिवस आधी केल्यास त्याहून कमी, आणि त्यानंतर काहीच मिळणार नाही. पावसामुळे परतावा दिला जाणार नाही. कोणतेही कारण न देता आरक्षण रद्द करण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील. अखेरचे कलम बहुधा सर्वांत लहान अक्षरांत असते.

यातील पहिली अडचण भाषेची आहे. भरलेल्या रकमेला या मजकुरात कधी ‘डिपॉझिट’, कधी ‘अ‍ॅडव्हान्स’, तर कधी ‘बुकिंग अमाउंट’ म्हटलेले असते, आणि हे तिन्ही शब्द एकाच पानावर एकाच रकमेसाठी येतात. वास्तविक मराठीत या प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र शब्द आहे आणि त्या शब्दाला स्वतंत्र अर्थ आहे. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. घेणारा फिरला तर इसार बुडतो, हे गाईम्हशींच्या बाजारापासून जमिनीच्या इसारपावतीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. अनामत ही परत करण्यासाठीच ठेवलेली रक्कम. ग्रंथालयाची अनामत पुस्तके परत केल्यावर विद्यार्थ्याला मिळते. ती कोणी जप्त करत नाही. आगाऊ रक्कम म्हणजे निव्वळ किमतीचा आधी दिलेला भाग. किंमत ज्या गोष्टीची होती ती गोष्ट झालीच नाही, तर हा भाग कोणाचा, हा प्रश्न तेथे उघडा राहतो.

‘डिपॉझिट’ या एका शब्दात हे तिन्ही अर्थ सामावतात आणि नेमका याचाच लाभ घेतला जातो, असे म्हणावे लागते. पैसे घेताना ती अनामत असते, म्हणजे ग्राहकाला ती सुरक्षित वाटते. हिशेब करताना ती आगाऊ रक्कम असते. रद्द करताना मात्र ती इसार होते. एकाच रकमेने एका महिन्यात तीन वेळा जात बदलावी, हे भाषेच्या अभ्यासकाला तरी खटकले पाहिजे.

येथे एका जुन्या पद्धतीची आठवण अप्रस्तुत ठरणार नाही. जुन्नर तालुक्यातील नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तेथे येऊन फडाला सुपारी देतात. राहुटी म्हणजेही तंबूच. तेथील व्यवहारातही आगाऊ रक्कम असते आणि वादही होतात. परंतु ‘सुपारी दिली’ या शब्दाने दोन्ही बाजू बांधल्या जातात. फडाने ऐनवेळी दुसऱ्या गावाची सुपारी घेतली तर तो बोभाटा होतो, आणि गावाने शब्द फिरवला तरीही होतो. पवनेकाठच्या तंबूच्या कागदात बांधलेली बाजू एकच असते.

कायद्याची कसोटी

भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ७४ असे सांगते की, करारात भंगाबद्दल विशिष्ट रक्कम नमूद केलेली असली, तरी नुकसान सोसणाऱ्या पक्षाला त्या रकमेच्या मर्यादेत ‘वाजवी’ भरपाई मिळेल. नमूद केलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली हा भेद ठळक केला. दिल्लीतील एका बंगल्याच्या व्यवहारात खरेदीदाराने १,००० रुपये इसार म्हणून आणि पुढे २४,००० रुपये किमतीपोटी दिले होते. व्यवहार फिसकटल्यावर विक्रेत्याने दोन्ही रकमा ठेवून घेतल्या. न्यायालयाने इसाराचे १,००० रुपये त्याच्याकडे राहू दिले. २४,००० मात्र जप्त करता येणार नाहीत असे ठरवले.

मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार (१९६९) हा खटला तर आपल्या विषयाच्या अधिकच जवळचा आहे. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी व मासे पुरवण्याच्या दोन करारांपोटी ठेकेदाराने एकूण १८,५०० रुपये अनामत ठेवली होती. पुरवठा न झाल्याने सरकारने ती जप्त केली. ही रक्कम इसार नसून अनामत आहे, तिला कलम ७४ लागू होते आणि बाजारभाव दाखवून नुकसान सिद्ध करणे शक्य असतानाही सरकारने ते केलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या निकालात न्यायालय याच्याही पुढे गेले. रक्कम इसाराची असली, तरी मुळात काही नुकसान झाले असले पाहिजे, असे सांगून न्यायालयाने ७८ लाख रुपये परत करावयास लावले.

ही कसोटी तंबूला लावून पाहू. समजा, एका विभागाने चाळीस विद्यार्थ्यांसाठी दरडोई १,२०० रुपयांप्रमाणे शनिवारच्या रात्रीचे आरक्षण केले. एकूण ४८,००० पैकी २४,००० आगाऊ भरले. विद्यापीठाने परीक्षेचे वेळापत्रक बदलले, आणि सहल सहा दिवस आधी रद्द करावी लागली. अटींप्रमाणे २४,००० गेले. त्याच शनिवारी तेच तंबू दुसऱ्या गटाने घेतले, तर त्या एका रात्रीचे चालकाला ७२,००० मिळाले. त्याचे नुकसान झाले नाही. उलट दुसऱ्याच्या अडचणीतून दीडपट प्राप्ती झाली. कोंबडी आणि भाजी सहा दिवस आधी कोणी भरून ठेवत नाही, हेही ध्यानात घ्यावे. टक्केवारीची शिडी दिवस मोजते; तंबू पुन्हा भरला की नाही, हे ती मोजतच नाही. या अटींचा मूळ दोष माझ्या मते हाच आहे.

अर्थात चालकाची बाजू पोकळ आहे असे नव्हे. हा व्यवसाय प्रामुख्याने शनिवारच्या रात्रीवर जगतो. भंडारदरा व पुरुषवाडी परिसरात काजवे पाहण्याचा हंगाम मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंतचाच, म्हणजे मोजके शनिवार हाती येतात. विकली न गेलेली रात्र साठवून ठेवता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ‘आमचे जमत नाही’ असा निरोप आला, तर तंबू रिकामा राहतो, आणलेला माल वाया जातो आणि स्वयंपाकाला बोलावलेल्या गावातील बायकांची मजुरी द्यावीच लागते. अशा वेळी पूर्ण आगाऊ रक्कम ठेवून घेतली, तर तीत अन्याय दिसत नाही.

आणखी एक युक्तिवाद चालकाच्या बाजूने करता येतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार हॉटेल, सहल आदींच्या रद्दीकरण शुल्कावर मूळ सेवेच्याच दराने वस्तू व सेवा कर लागतो, कारण ते शुल्क म्हणजे दंड नसून आरक्षणाच्या व ते रद्द करण्याच्या सोयीचा मोबदला आहे. ही भूमिका मान्य केली तर जागा राखून ठेवण्याची किंमत घेणे गैर नाही. मात्र मग ती किंमत किंमत म्हणूनच आधी सांगितली पाहिजे, आणि राखून ठेवण्याची किंमत प्रत्यक्ष निवासाच्या निम्मी कशी, याचे उत्तरही दिले पाहिजे.

एकतर्फीपणाचा प्रश्न

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(४६) ‘अनुचित करारा’ची व्याख्या करते. अवाजवी अनामत मागणे, भंगामुळे झालेल्या नुकसानीशी विसंगत दंड लावणे आणि वाजवी कारणाविना एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवणे, या तिन्ही गोष्टी तीत येतात. वर दिलेला अटींचा सांगाडा या व्याख्येशेजारी ठेवला, की दोहोंतील साम्य पाहून थक्क व्हावयास होते. ई-वाणिज्याविषयीच्या २०२० च्या नियमांत तर परस्परतेचे तत्त्व स्पष्टच आले आहे. स्वतः एकतर्फी रद्द केल्यास तसेच शुल्क सोसण्याची तयारी नसेल, तर ग्राहकाकडून रद्दीकरण शुल्क घेता येणार नाही, असे ते नियम म्हणतात. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यातही संभाव्य अनुचित अटींच्या यादीत हेच तत्त्व आहे. परंतु आपला नियम आरक्षणाचे संकेतस्थळ चालवणाऱ्या संस्थेला उद्देशून आहे; भ्रमणध्वनीवर आरक्षण घेणारा तंबूचालक त्यातून सहज निसटतो.

व्यवस्थापनाने रद्द केल्यावर काय होते? भरलेली रक्कम परत मिळते, तीही काही दिवसांनी. बसला दिलेली आगाऊ रक्कम, पालकांची संमतिपत्रे, प्राचार्यांची व विद्यापीठाची परवानगी या कशाचीच भरपाई नसते.

उपाय शोधू जाता एक विसंगती समोर येते. सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीस शुल्कही नाही. परंतु अट अनुचित म्हणून रद्दबातल ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला व त्यावरील राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. २४,००० रुपयांसाठी राज्य आयोगाची पायरी कोण चढणार? ज्या व्यवहारांत अशा अटी सर्वाधिक आढळतात, त्या लहान व्यवहारांपासूनच हा उपाय सर्वांत दूर ठेवला गेला आहे. विधिमंडळापेक्षा संसदेने लक्ष घालावे, अशी ही बाब आहे.

पाऊस आणि मनाई आदेश

‘पावसामुळे परतावा नाही’ ही अट मात्र मला फारशी आक्षेपार्ह वाटत नाही. मावळात जुलैमध्ये पाऊस पडतो, हे दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असते. किंबहुना त्यासाठीच लोक जातात. मनाई आदेशाची गोष्ट वेगळी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. अशा आदेशामुळे निवास बेकायदेशीर ठरला, तर करार कायद्याच्या कलम ५६ नुसार करारच निरर्थक होतो आणि कलम ६५ नुसार मिळालेला लाभ परत करावा लागतो. पाऊस आणि आदेश या दोन गोष्टी एकाच ‘नैसर्गिक आपत्ती’च्या कलमात कोंबणे ही चूक नव्हे, सोय आहे, आणि ती सोय चालकाची आहे.

अशा वेळी बहुधा ‘पुढची तारीख’ देऊ केली जाते. टाळेबंदीत विमानतिकिटांबाबत हाच प्रश्न उद्भवला होता. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० च्या आदेशात जमा खात्याची सवलत दिली खरी, पण ते खाते दुसऱ्याच्या नावे करता येईल, रक्कम दरमहा वाढेल आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत न वापरल्यास परत मिळेल, या अटींवर. महाविद्यालयीन सहलीला पुढची तारीख मुळात नसतेच. सत्र संपते, तृतीय वर्षाचे विद्यार्थी बाहेर पडतात, आणि ज्यांचे पैसे होते ते येत नाहीत.

पावती

सरतेशेवटी पुराव्याचा मुद्दा. आज बहुतेक आरक्षणे यूपीआयने पैसे पाठवून होतात आणि उत्तरादाखल ‘कन्फर्म’ एवढा एक शब्द येतो. रद्दीकरणाच्या अटी त्यानंतर, कित्येकदा रद्द करण्याची वेळ आल्यावरच पाठवल्या जातात. करार झाल्यानंतर कळवलेली अट त्या कराराचा भाग होत नाही, हे कायद्याचे प्राथमिक तत्त्व आहे. म्हणून सहलप्रमुखाने पैसे पाठवण्यापूर्वी लेखी विचारावयाच्या गोष्टी मोजक्याच आहेत : ही रक्कम इसार आहे, अनामत आहे की किमतीचा भाग, तंबू दुसऱ्यास दिल्यास ती परत मिळेल काय, आणि आपण रद्द केल्यास आपण काय द्याल. उत्तर संदेशातून आले, तरी ते जपून ठेवावे आणि सहलीच्या नस्तीत त्याची प्रत लावावी. लेखापरीक्षक खर्चाची पावती मागतो, तेव्हा बुडालेल्या रकमेसाठी दाखवण्याजोगा कागद सहसा तेवढाच असतो.