स्वर, यंत्र आणि कर्तेपण : नील यंगच्या 'ट्रान्स'विषयी

प्रस्थापित कलावंताने आपली परिचित शैली सोडून अनपेक्षित वाट धरली, की समीक्षेपुढे दोन सोपे पर्याय उभे राहतात. त्याचे स्वत्व हरवले असे म्हणणे हा एक. त्याला प्रयोगशील म्हणून गौरविणे हा दुसरा. दोहोंतही प्रत्यक्ष कलाकृतीशी सामना टळतो. रॉक संगीताच्या इतिहासात या पेचाची उदाहरणे पुष्कळ आहेत. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली, तेव्हा श्रोत्यांतील काहींनी त्याची हुर्यो उडविली. लू रीडने १९७५ साली 'मेटल मशीन म्युझिक' या ध्वनिमुद्रिकेच्या चारही बाजू गिटारच्या फीडबॅकने भरून टाकल्या. डेव्हिड बोवीने १९७७ च्या 'लो'मध्ये ब्रायन ईनोच्या साहाय्याने दुसरी बाजू बहुतांशी शब्दहीन ठेवली. मात्र बोवीच्या नावाशी परिवर्तनाची अपेक्षा आधीपासूनच निगडित होती. ज्याच्या नावाशी नेमकी उलट अपेक्षा जोडली गेली होती अशा कलावंताचे उदाहरण म्हणून नील यंग आणि त्याची १९८२ च्या अखेरीस आलेली 'ट्रान्स' ही ध्वनिमुद्रिका अधिक विचारार्ह ठरते.

१९४५ साली टोरांटो येथे जन्मलेला यंग १९६६ पासून 'बफेलो स्प्रिंगफील्ड' या वाद्यवृंदातून पुढे आला आणि १९७२ च्या 'हार्वेस्ट'ने त्याला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. त्याची ओळख प्रामुख्याने त्याच्या आवाजाने ठरलेली होती. उंच पट्टीतला, किनरा, किंचित कापरा असा तो आवाज रूढ अर्थाने सुरेल नव्हता. म्हणूनच तो 'खरा' मानला गेला. आवाजातला दोष हाच प्रामाणिकपणाचा पुरावा, हा संकेत रॉकच्या श्रोतृवर्गात खोल रुजलेला आहे. 'ट्रान्स'मधील नऊपैकी सहा गीतांत यंगने नेमका हा आवाजच व्होकोडर नावाच्या यंत्राच्या स्वाधीन केला.

या यंत्राचे कार्य समजून घेतल्याशिवाय कृतीचा अर्थ लागणार नाही. बेल प्रयोगशाळेत होमर डडली याने विकसित केलेला व्होकोडर मुळात दूरसंचारासाठी होता. दुसऱ्या महायुद्धात गुप्त संभाषणासाठीही त्याचे तत्त्व वापरले गेले. तो बोलणाऱ्याच्या आवाजाचे कंप्रतेनुसार पट्टे पाडतो, प्रत्येक पट्ट्यातील चढउतार टिपतो आणि ते चढउतार दुसऱ्याच एखाद्या ध्वनीवर, उदाहरणार्थ सिंथेसायझरच्या स्वरावर, लादतो. परिणामी उच्चाराचा आराखडा उरतो. कंठ मात्र नाहीसा होतो. रोलाँ बार्थने १९७२ च्या आपल्या निबंधात गाणाऱ्या देहाची जी खूण आवाजाचा 'पोत' म्हणून वेगळी काढली, तिचेच हे यंत्र उच्चाटन करते. जर्मनीतील 'क्राफ्टवेर्क'ने व्होकोडरचा उपयोग १९७० च्या दशकातच रुळविला होता. पण त्या वाद्यवृंदाची प्रतिमाच यंत्रमानवाची होती. तेथे हरवण्यासारखा पूर्वपरिचित देह नव्हता. यंगच्या बाबतीत श्रोत्याला प्रथम जाणवते ती अनुपस्थिती.

या अनुपस्थितीची किंमत न्यायालयात मोजली जावी हे विलक्षण आहे. 'ट्रान्स'नंतर १९८३ साली यंगने 'एव्हरीबडीज रॉकिन'' ही १९५० च्या दशकातील रॉकबिली शैलीची आटोपशीर ध्वनिमुद्रिका दिली. त्याच वर्षी गेफेन या त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीने त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा लावला. त्याने सादर केलेल्या ध्वनिमुद्रिका व्यापारयोग्य नाहीत आणि त्याच्या पूर्वीच्या संगीताशी मिळत्याजुळत्या नाहीत, असा आक्षेप होता. वाद पुढे तडजोडीने मिटला. तथापि दाव्यामागील गृहीतक साहित्यसिद्धान्ताच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटेल. मिशेल फूकोने १९६९ च्या व्याख्यानात लेखकाचे नाव हे व्यक्तिवाचक नसून संहितांचे वर्गीकरण करणारे एक कार्य आहे, असे प्रतिपादन केले. एका नावाखालील लेखनात शैलीची एकात्मता असली पाहिजे, ही संत जेरोमची जुनी कसोटी आधुनिक समीक्षेतही कशी टिकून राहिली, हे त्याने दाखविले. लेखक शिक्षेस पात्र ठरू लागला तेव्हाच लेखनाला खऱ्या अर्थाने लेखक मिळाला, हेही त्याचे निरीक्षण आहे. गेफेनच्या दाव्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या : शैलीची एकात्मता ही कराराची अट आणि तिचा भंग हा दंडनीय अपराध. यंगने यंगसारखे असावे, ही अपेक्षा रसिकांच्या मनात अस्पष्ट असते. बाजारपेठेने तिला आकडा दिला एवढेच.

पुढच्या काळात 'ट्रान्स'चे पुनर्मूल्यन झाले, ते मुख्यतः एका चरित्रात्मक माहितीच्या आधारे. यंगच्या १९७८ साली जन्मलेल्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती व तो बोलू शकत नव्हता. ध्वनिमुद्रिकेच्या आधीच्या काळात यंग व त्याची पत्नी मुलावरील एका अतिशय कष्टाच्या उपचारक्रमात गुंतली होती. 'ट्रान्सफॉर्मर मॅन' हे गीत त्या मुलाला उद्देशून आहे आणि शब्दांचे दुर्बोध होणे हे संवादाच्या त्या अडसराचे रूप आहे, असा उलगडा यंगने स्वतः केला. वाणीचे व शरीराचे गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांसाठी त्याच्या पत्नीच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'ब्रिज स्कूल' आणि तिच्या मदतीसाठी १९८६ पासून होऊ लागलेल्या मैफली यांमुळे या उलगड्याला नैतिक वजनही प्राप्त झाले. ज्यांनी ध्वनिमुद्रिकेची थट्टा केली होती, त्यांचा स्वर सहानुभूतीचा झाला.

ही सहानुभूती मानवी दृष्ट्या योग्यच आहे. समीक्षेच्या दृष्टीने मात्र ती अपुरी आहे. कंपनीने 'हा खरा यंग नव्हे' म्हणून कृती नाकारली. नव्या समीक्षकांनी 'यंत्रामागे खरा यंगच आहे' म्हणून ती स्वीकारली. निर्णय परस्परविरुद्ध, पण निकष एकच. दोघांनाही आवाजामागे एक हमी हवी आहे. मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता'मध्ये मांडलेली 'लेखनगर्भ आत्मनिष्ठे'ची संकल्पना येथे उपयोगी पडते. लेखकाच्या खाजगी आयुष्यातील प्रामाणिकपणा वेगळा आणि लेखनाच्या घडणीत सिद्ध होणारी निष्ठा वेगळी. पित्याचे दुःख खरे होते, एवढ्याने गीत खरे ठरत नाही. ते दुःख ध्वनींच्या रचनेत काय बनले, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या प्रश्नाची पडताळणी करण्याची संधी यंगनेच उपलब्ध करून दिली आहे. १९९३ च्या 'अनप्लग्ड'मध्ये त्याने 'ट्रान्सफॉर्मर मॅन' व्होकोडरविना, आपल्या स्वाभाविक आवाजात गायिले. तेथे शब्द स्पष्ट ऐकू येतात, चाल अंगाईसारखी हळुवार लागते आणि गीताचे सौष्ठव निर्विवाद ठरते. 'ट्रान्स' म्हणजे निव्वळ यांत्रिक करामत, हा आक्षेप या एका गायनाने निकालात निघतो. पण त्याचबरोबर काहीतरी हरवतेही. १९८२ च्या आवृत्तीत श्रोता अर्थापर्यंत पोहोचण्यासाठी झटतो. पलीकडे कोणीतरी आपल्याशी बोलते आहे हे कळते, काय बोलते ते निसटते. ही धडपड गीताचा विषय नाही, ती श्रोत्याची प्रत्यक्ष कृती आहे. १९९३ मध्ये श्रोता एका पित्याचे प्रेम ऐकतो. १९८२ मध्ये तो स्वतः न कळणाऱ्या बोलण्यापुढे बसतो. चरित्र ठाऊक नसतानाही हा अनुभव घडतो. चरित्र त्याला फक्त नाव देते. म्हणजेच व्होकोडर हा आशयावरील मुखवटा नसून आशयाचे रूप आहे.

हीच कसोटी लावली असता ध्वनिमुद्रिकेतील सगळे सारखे उतरत नाही, हेही मान्य करावे लागते. 'मिस्टर सोल' हे यंगचे १९६७ चे प्रसिद्धीविषयीचे गीत यंत्राच्या आवाजात पुन्हा येते, तेव्हा कलावंत आपल्याच ओळखीकडे परका होऊन पाहतो. ही पुनरावृत्ती अर्थपूर्ण आहे. उलट 'लिट्ल थिंग कॉल्ड लव्ह' किंवा 'होल्ड ऑन टु युअर लव्ह' ही साध्या आवाजातील गीते हवाईमध्ये आरंभिलेल्या व सोडून दिलेल्या वेगळ्याच ध्वनिमुद्रिकेची आहेत. त्यांच्या सान्निध्याने 'ट्रान्स'ची रचना दुभंगते. 'एव्हरीबडीज रॉकिन''मध्ये तर शैली बदलली तरी ऐकण्याची रीत बदलत नाही. तेथे जुन्या काळचा पोशाख चढविला आहे, इतकेच. तीही 'अनपेक्षित'च होती. अर्थात अनपेक्षितता हे मूल्य नव्हे.

ज्येष्ठ कलावंतांच्या प्रयोगांविषयी बोलताना शैलीतील बदल आणि रूपातील बदल यांत भेद करणे म्हणूनच अगत्याचे आहे. शैलीतील बदल कलावंताविषयीची आपली कल्पना हलवितो. रूपातील बदल आपले ऐकणे हलवितो. पहिल्याचा निवाडा करार, चाहते किंवा चरित्रकार करू शकतात. दुसऱ्याचा निवाडा समीक्षेलाच करावा लागतो, आणि त्यासाठी ओळखीचा आवाज नाहीसा झाल्यावरही ऐकत राहण्याची तयारी तिच्याजवळ असावी लागते.