जोतीरावांच्या अभिप्रायातील तीन आकडे

जोतीराव फुले यांनी १८८४ साली बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर इंग्रजीत अभिप्राय लिहिले. त्यांपैकी सक्तीच्या वैधव्याविषयीच्या अभिप्रायात पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृहाची हकिगत आली आहे. १८६३ साली स्थापन झालेल्या ह्या गृहाचा पुरावा म्हणून तो मजकूर नेहमी उद्धृत होतो. परंतु लेखन म्हणूनही त्याची परीक्षा होणे अवश्य आहे.

त्यात तीन आकडे आहेत. ३५ गर्भवती विधवा गृहात येऊन प्रसूत झाल्या; ५ मुले जगली; ३० दगावली. गर्भ लपविण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांमुळे ही मुले गर्भातच दुखावली होती, असे कारण जोतीराव देतात. संस्थाचालकाने आपले अपयश इतक्या उघडपणे मांडणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्यायोगे दोषाचा रोख गृहावरून त्या भयाकडे वळतो, ज्यामुळे स्त्री गृहाच्या दाराशी येण्यापूर्वीच उपाय हरलेला असे.

तथापि ह्याच ठिकाणी लेखनाची एक मर्यादाही दिसते. पहिला आकडा स्त्रियांचा आहे, पुढचे दोन मुलांचे. प्रसूतीनंतर माता हिशेबातून निघून जाते. ती वाचली की नाही, हे आकडे सांगत नाहीत. तीसही मृत्यूंना एकच कारण पुरेसे मानल्याने प्रसूती कोणाच्या हातून होत असे, कोणते उपचार मिळत, हे प्रश्नही उद्भवत नाहीत.

येथे इंग्लंडमधील वर्कहाउसशी तुलना उद्बोधक ठरते. १८३४ च्या कायद्याने निर्धनांसाठीच्या ह्या आश्रयस्थानांत जाणे मुद्दाम अप्रिय केले आणि अनौरस अपत्याचा भार मातेवर टाकला. तेथे लज्जा ही आश्रयाची किंमत होती. पुण्यात गुप्तता हीच आश्रयाची हमी होती. १८३७ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'च्या आरंभी डिकन्सने अशाच एका प्रसूतीचे चित्र रेखाटले. मद्याच्या अमलातील एक म्हातारी आणि ठेक्याने काम करणारा डॉक्टर ह्यांच्या देखत माता मरते. मुलाला मागाहून वर्णानुक्रमाने नाव मिळते. डिकन्सचे शस्त्र उपरोध आहे. जोतीराव उपरोध टाळतात आणि साक्षीदारासारखे बोलतात.

म्हणूनच आकड्यांपूर्वी येणारी काशीबाईची हकिगत महत्त्वाची ठरते. शास्त्र्याच्या फसवणुकीने गर्भवती झालेल्या ह्या ब्राह्मण विधवेने मुलाला मारले आणि तिला जन्मठेपेसाठी अंदमानात धाडण्यात आले. आकड्यांत जी माता हरवते, ती येथे नाव, अपराध आणि शिक्षा ह्यांसह उभी आहे. ह्या दोन्ही भागांना वेगळे करून वाचणाऱ्यास एकीकडे केवळ करुणकथा, तर दुसरीकडे केवळ कोष्टक हाती लागेल. एकत्र वाचल्यास मात्र कळते की, त्या ३५ पैकी प्रत्येक स्त्री काशीबाई होण्याच्या उंबरठ्यावरून परतली होती. मुले न वाचताही गृहाने काय वाचविले, ह्याचे उत्तर ह्या जोडणीत आहे.