'करार' या शब्दापाशी

बायबलच्या दोन भागांस मराठीत 'जुना करार' आणि 'नवा करार' म्हणण्याचा प्रघात इतका मुरला आहे की, या नावांत विचार करण्याजोगे काही आहे असे सहसा कोणास वाटत नाही. हिंदी, बंगाली आणि मल्याळम या भाषांत याच ग्रंथभागांस 'नियम' म्हणतात. तेलुगूत 'निबंधन' म्हणतात, उर्दूत 'अहदनामा'. गुजरातीने मात्र आपल्याप्रमाणेच 'करार' पत्करला. मूळ कल्पना एकच, पण नियम वरून येतो, निबंधन बांधून ठेवते, अहदात वचनाचा भाग मोठा, आणि करार म्हटला की दोन पक्ष, अटी आणि सह्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आपल्या भाषांतरकारांनी प्रतिशब्द दिले असे आपण समजतो. वस्तुतः त्यांनी भाष्ये लिहिली आहेत. फादर स्टीफन्सने 1616 साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'च्या दोन भागांस 'पहिले पुराण' आणि 'दुसरे पुराण' म्हणून हा प्रश्न बगल देऊन टाळला होता. त्याने ग्रंथाचा प्रकार सांगितला, ग्रंथातील नात्याला नाव दिले नाही.

ते नाते हिब्रूमध्ये 'ब्रीत' या शब्दाने सांगितलेले आहे. काही वर्षांपूर्वी उत्पत्तीच्या पुस्तकातील निवडक अध्याय नव्याने मराठीत आणण्याचे काम मी अंगावर घेतले होते. हिब्रू मी कोशाच्या काठीने चालणारा वाचक. तरीही पंधराव्या अध्यायापाशी माझी लेखणी अडली ती भाषेच्या अज्ञानाने नव्हे. तेथे ब्रीत 'करणे' या अर्थी जे क्रियापद येते त्याचा शब्दशः अर्थ 'कापणे' असा आहे. मराठीत करार तोडला म्हणजे तो मोडला. हिब्रूत ब्रीत कापली म्हणजे ती झाली. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतरकाराच्या हातून नेमका उलट अर्थ निघावयाचा! नाही म्हणावयास, 'एकदाचा तुकडा पाडा' असे आपण व्यवहार पक्का करताना म्हणतो. पण त्या तुकड्याला रक्त नाही.

हिब्रू कापण्याला ते आहे. वतन मिळेल हे मी कशावरून समजू, असे अब्राम विचारतो. देव त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका आणि दोन पाखरे आणावयास सांगतो. जनावरांची दोन दोन शकले समोरासमोर मांडली जातात. पाखरे तेवढी अखंड राहतात. मांसावर झडप घालणारे पक्षी अब्राम हाकीत बसतो. सूर्य मावळतीला लागतो, त्याला गाढ झोप आणि भीती घेरते, आणि काळोखात धुमसती भट्टी व जळती मशाल त्या शकलांमधून निघून जाते. या विधीचा अर्थ यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात उलगडतो. सिद्कीया राजाच्या कारकीर्दीत यरुशलेमच्या धनिकांनी वासराच्या शकलांमधून चालत जाऊन आपले हिब्रू दास मुक्त करण्याची ब्रीत केली, आणि मग त्याच दासांना पुन्हा जुंपले. त्यांची गत त्या वासरासारखी होईल, असे संदेष्टा सांगतो. शकलांमधून जाणारा स्वतःवर शाप घेतो. मी फिरलो तर माझेही असेच दोन तुकडे होवोत, असे तो देहाने बोलतो.

मग अब्रामाच्या वेळी शकलांमधून कोण गेले? अब्राम गेला नाही. तो झोपला होता. गेली ती भट्टी आणि मशाल, म्हणजे देवाच्या सान्निध्याची चिन्हे. ज्याला कोणी शिक्षा करू शकत नाही त्याने शाप स्वतःवर ओढवून घेतला आणि ज्याला वतन मिळावयाचे तो निद्रिस्त राहिला. याला करार म्हणावे तर दुसऱ्या पक्षाची सही कोठे आहे?

अर्थात सर्वच ब्रीती अशा नाहीत. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी दुसऱ्या पक्षाची संमती स्पष्टपणे घेतली जाते. निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायात मोशे निम्मे रक्त वेदीवर आणि निम्मे लोकांवर शिंपडतो, आणि लोक आज्ञापालनाची कबुली देतात. जॉर्ज मेंडेनहॉल यांनी 1954 साली सीनायच्या या ब्रीतीची तुलना हित्ती सम्राटांनी मांडलिकांशी केलेल्या तहांशी केली. आधी सम्राटाचे नाव, मग त्याने पूर्वी केलेले उपकार, मग अटी, साक्षी, शाप आणि आशीर्वाद, असा त्या तहांचा साचा असे. दशाज्ञांच्या आरंभी मिसरच्या दास्यातून सोडविल्याचे स्मरण का येते, हे त्यावरून चांगले कळते. पुढे 1970 साली मोशे वाइनफेल्ड यांनी सुचविले की, अब्राहाम आणि दावीद यांच्याशी झालेल्या ब्रीती तहांच्या जातीच्या नाहीतच. त्या राजाने निष्ठावंत सेवकाला दिलेल्या दानपत्रांच्या जातीच्या आहेत. तहात मांडलिक बांधला जातो, दानपत्रात दाता बांधला जातो. ही विभागणी मला जराशी अधिकच नीटनेटकी वाटते. अब्राहामालाही सतराव्या अध्यायात सुंतेची अट आहेच, आणि सीनायलाही सोन्याच्या वासराच्या प्रकरणानंतर क्षमा आहे. तथापि भारतीय वाचकाला तिचा मोठा उपयोग आहे, कारण दानपत्र ही वस्तू त्याच्या घरातली आहे.

आपल्या राजांचे ताम्रपट दान 'आचंद्रार्क' चालावे असे सांगतात आणि ते हिरावून घेणाऱ्याला शाप देतात. महाराष्ट्रात व गोव्यात आढळणाऱ्या गद्धेगाळांवर वर चंद्रसूर्य आणि खाली ती प्रसिद्ध ओंगळ शापाकृती असते. आता एकोणनव्वदावे स्तोत्र पाहावे. दाविदाचे सिंहासन सूर्यासारखे आणि चंद्रासारखे टिकेल, असे देवाने शपथेवर सांगितल्याचे स्तोत्रकर्ता आठवून देतो. ताम्रपटाचीच भाषा! आणि लगोलग तो उलटतो. तूच ब्रीत झिडकारलीस, तूच मुकुट धुळीस मिळविलास, तुझी ती जुनी दया कोठे गेली, असे तो देवाला विचारतो. हे स्तोत्र कोणत्या आपत्तीतून आले याविषयी मतभेद आहेत, इ. स. पूर्व 586 मधील यरुशलेमचा पाडाव अनेकांच्या डोळ्यांपुढे असतो. महत्त्वाचे हे की, सनद हाती असलेला दुबळा माणूस ती दात्याच्याच तोंडापुढे धरू शकतो. नियम मोडल्याचा जाब देव विचारील. पण ब्रीतीचा जाब माणूस देवाला विचारतो. 'नियम' या शब्दात ही वाट बंद होते, आणि 'करार' या शब्दात ती उघडी राहिली तरी फिर्यादीची होते, आर्ताची राहत नाही.

मराठीला हा सूर अपरिचित नाही. नामदेव आणि तुकाराम विठ्ठलाशी भांडतात ते त्याच्या ब्रीदाचा आधार घेऊन. पतितपावन म्हणवतोस तर तसा वाग, नाहीतर ब्रीद सोड, हा त्यांचा आग्रह. 'ब्रीद' आणि 'ब्रीत' यांचे ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे. आपला शब्द 'बिरुद' यापासून आला, हिब्रूशी त्याचा संबंध नाही. तरीही कच्च्या खर्ड्यात काही दिवस मी 'ब्रीद' हाच शब्द लिहून पाहिला. तो टिकला नाही. ब्रीद हा देवाचा स्वभाव, तो कोणा एकापुरता नसतो. ब्रीत एका माणसाशी, एका वंशाशी, एका रात्री झालेली असते. मग 'कौल' लिहिला. मराठेशाहीच्या कागदांत कौल म्हणजे रयतेला दिलेले अभय, आणि देवळात कौल म्हणजे देवाचे उत्तर; दोन्ही अर्थ एका शब्दात मिळाल्याचा आनंद दोन दिवस पुरला. पण देवाचा कौल त्या त्या प्रश्नापुरता असतो. पिढ्यान् पिढ्या चालणारे बंधन त्यात मावत नाही.

ही अडचण आपलीच आहे असे नव्हे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात आरंभ झालेल्या ग्रीक भाषांतरात 'ब्रीत'साठी 'सिंथेके' हा उभयपक्षी करारवाचक शब्द सहज उपलब्ध होता. भाषांतरकारांनी तो डावलून 'दियाथेके' घेतला. त्याचा रोजचा अर्थ मृत्युपत्र, म्हणजे एकानेच केलेली व्यवस्था. समान पातळीचे दोन पक्ष येथे नाहीत, हे त्यांना जाणवले असावे. पण मृत्युपत्र म्हटले की मृत्यू आलाच. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात या दुसऱ्या अर्थाचाच लाभ घेऊन, मृत्युपत्र करणारा मेल्यावाचून ते अमलात येत नाही, म्हणून ख्रिस्ताचे मरण आवश्यक होते, असा युक्तिवाद केला आहे. हिब्रूत तो उभाच राहिला नसता. एका भाषांतराने एक सिद्धान्त जन्माला घातला, आणि लॅटिनमधील 'टेस्टामेंटम'ने तो ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नेऊन बसविला. लूकच्या वृत्तान्तात अखेरच्या भोजनाच्या वेळी येशू प्याल्याला आपल्या रक्तातली नवी ब्रीत म्हणतो, तेव्हा त्यात मोशेने शिंपडलेले रक्त आहे आणि अब्रामापुढची शकलेही आहेत, असे मला वाटते. मशाल होऊन शकलांमधून गेलेला येथे स्वतःच शकल होतो. 'करार' हा शब्द वाचताना यातले काहीही डोळ्यांपुढे येत नाही.

'नवी' हा शब्द यिर्मयाचा. त्याच्या एकतिसाव्या अध्यायात नवी ब्रीत अंतःकरणावर लिहिली जाईल असे म्हटले आहे. पण ती होणार इस्राएल आणि यहूदा यांच्या घराण्यांशीच, आणि लिहिले जाणार ते तेच नियमशास्त्र. पाटी नवी, मजकूर नवा नव्हे. मराठीत नवा करार झाला की जुना आपोआप रद्द होतो. कोर्टकचेरीची ही सवय वाचनात उतरते. ख्रिस्ती परंपरेतच याविषयी दोन सूर आहेत. इब्री लोकांस लिहिलेले पत्र पहिली ब्रीत जीर्ण झाल्याचे सांगते. पौल रोमकरांस लिहिताना देवाची दाने परत घेतली जात नाहीत असे म्हणतो. 1980 साली माइन्झ येथे यहुद्यांपुढे बोलताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी, देवाने जुनी ब्रीत कधीच रद्द केली नाही, या बाजूचा उच्चार केला.

मराठी वाचकाला यासाठी युरोपात जाण्याचे कारण नाही. कोकणातील बेने इस्राएल मराठी बोलत, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत, आणि अब्राहामाच्या ब्रीतीची खूण ते आपल्या मुलांच्या देहावर करीत आले. 1948 नंतर त्यांतले पुष्कळजण इस्राएलला गेले, काही येथे राहिले. त्यांच्या दृष्टीने या ग्रंथाला 'जुना' म्हणण्याचे काही कारणच नाही.

माझ्या भाषांतरात शेवटी 'करार' हाच शब्द राहिला. दीडदोनशे वर्षे देवळांत वाचला गेलेला शब्द एका भाषांतरकाराने खोडावा असे मला वाटले नाही. पंधराव्या अध्यायात मात्र 'करार केला' असे न लिहिता मी 'शकले करून शब्द दिला' असे लिहिले. मुद्रितशोधकाने त्यावर प्रश्नचिन्ह करून कागद परत पाठविला होता. मी ते तसेच ठेवावयास सांगितले.